घुणाक्षरे

मराठीत मोठे झाड सहसा मरत नाही, ते वठते. रोप मरते, वेल सुकते, पीक जळते, गवत वाळते. परंतु अनेक पावसाळे पाहिलेल्या वृक्षाच्या अखेरीसाठी भाषेने ‘वठणे’ हे वेगळे क्रियापद राखून ठेवले आहे. पुढे तेच झाड आडवे झाले की त्याचे नावच बदलते. ते ‘लाकूड’ होते. झाड जिथे संपते तिथे लाकूड सुरू होते, अशी आपल्या शब्दांची वाटणी आहे. म्हणूनच ‘मृत लाकूड’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला द्विरुक्त वाटतो. लाकूड जिवंत असते कधी?

लाकूड झाल्यावर मात्र त्याला शब्दांची वाण पडत नाही. सरपण, जळण, लाकूडफाटा, मोळी, ओंडका, ढलपी, वासा, तुळई, फळी, खुंट. यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दात माणसाचा हात आहे. जे झाडही राहिले नाही आणि माणसाच्या उपयोगाचेही उरले नाही, त्यासाठी आपल्यापाशी काय आहे? किडके, कुजके, पोकळ, भुसभुशीत. सगळी विशेषणे, आणि सगळी निंदेची. नाम एकही नाही.

मी भाषाविज्ञानाचा अध्यापक. जंगलातल्या कुजक्या लाकडाशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तो आला एका स्वाध्यायामुळे. दूरशिक्षणाच्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना आपापल्या व्यवसायातील शब्दसंग्रह जमवायला सांगितला होता. सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात वनरक्षक असलेल्या, चाळिशी उलटलेल्या विद्यार्थ्याने लाकडाविषयीचे शब्द लिहून पाठवले आणि शेवटी एक ओळ जोडली होती : ‘सर, पडलेले झाड उचलायचे नाही, एवढे मी लोकांना सांगू शकतो. ते का उचलायचे नाही, हे सांगायला शब्द सापडत नाही.’ आपल्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी, शेती वा घर सांभाळून हे पान वाचत असतील. आपल्या कामातली एखादी खरी गोष्ट सांगायला शब्द न सापडणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

त्याची अडचण कायद्यातून आलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी दिलेल्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत, रोगग्रस्त, मरणासन्न किंवा वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड आणि गवत हलविण्यास मनाई झाली. तोवर पडलेले झाड म्हणजे वाया जाणारा माल, तो उचलणे म्हणजे व्यवस्थापन, असाच सरधोपट विचार होता. आदेशाची भाषा नकाराची आहे. आदेशाची भाषा तशीच असायला हवी. पण वाडीवरच्या माणसाला नकार पुरत नाही. ‘का?’ हा प्रश्न तो विचारतोच, आणि त्याचे उत्तर त्याला त्याच्याच भाषेत हवे असते.

उत्तर लाकडाच्या आत आहे. वाळल्या झाडाची सुटत आलेली साल अलगद ओढून पाहिली, तर तिच्या आतल्या अंगावर आणि उघड्या पडलेल्या लाकडावर नक्षी दिसते. एक जाडसर उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक रेघा. जुन्या शास्त्रकारांनी ही नक्षी नीट पाहिली होती. लाकूड खाणारा घुण खाता खाता वळणे घेतो, त्यात क्वचित एखादे अक्षर उमटते. पण ते अक्षर आहे हे घुणाला ठाऊक नसते. हेतूवाचून, निव्वळ योगायोगाने साधलेल्या गोष्टीला संस्कृतात ‘घुणाक्षरन्याय’ म्हणतात, आणि तो मराठी शास्त्रीपंडितांच्या लेखणीतही रुळला. वर्गात चिन्हव्यवस्था शिकवताना मी हा दाखला अनेकदा दिला आहे : हेतू नाही, संकेत नाही, म्हणून भाषा नाही.

पण कीटकशास्त्र वाचल्यावर या न्यायाची दुसरी बाजू दिसली. ती नक्षी आंधळी नसते. जाड रेघ आईने कोरलेली असते. सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांची मादी एक बोगदा करते, त्याच्या कडेने अंडी घालते. अंड्यांतून निघालेली प्रत्येक अळी आपली वेगळी वाट धरते. सुरुवातीला ती वाट दोऱ्याइतकी बारीक असते. अळी वाढते तशी रेघ रुंदावत जाते, आणि जिथे ती थांबते तिथे कोषाची खोली असते व बाहेर उडून जाण्याचे भोक. रेघांच्या ठेवणीवरून जाणकाराला कीटकाचा गट, पुष्कळदा जातही ओळखता येते. लिहिणाऱ्याला लिहायचे नव्हते हे खरे. परंतु जे उमटले आहे ते वाचता येते.

झाड पडल्यापासून त्याची माती होईपर्यंत या वाचकांची आणि खाणाऱ्यांची मोठी रांग लागते. लाकूड हे फार निकृष्ट अन्न आहे. त्यात सेल्युलोज आणि लिग्निन भरपूर, पण नत्र अत्यल्प. म्हणून लाकडावर वाढणाऱ्या कित्येक अळ्यांचे बालपण अतोनात लांबते. प्रौढ भुंगेरा म्हणून उडायला मिळतात ते थोडे आठवडे. लहानपणी आगपेटीत ठेवलेली सोनपाखरे आपणांस आठवत असतील. त्या चमकदार कुळातील अनेक जातींच्या अळ्या मरत्या किंवा मेलेल्या लाकडाच्या अंधारात वाढतात. काही इवले भुंगेरे तर लाकूड खातच नाहीत. ते आपल्या अंगावरच्या बारीक खळग्यांत बुरशीचे बीज घेऊन येतात, बोगद्याच्या भिंतींवर तिची लागवड करतात आणि त्या पिकावर पिल्ले पोसतात. माणसाने नांगर धरण्याच्या कितीतरी आधीची ही शेती आहे.

याच रांगेत मला माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण वाटलेला एक कीटक आहे. पॅसॅलिड कुळातले हे काळेभोर, तकतकीत भुंगेरे बहुतांशी उष्ण कटिबंधातल्या जंगलांत, जाड आणि चांगल्या कुजलेल्या ओंडक्यांत कुटुंब करून राहतात. आई आणि बाप दोघेही संसारात असतात. ते लाकूड चावून मऊ करतात आणि अळ्यांना ते चावलेले लाकूड व आपली विष्ठा यांचे मिश्रण लागते. त्यावाचून अळ्या नीट वाढत नाहीत. आणि ही मंडळी एकमेकांशी आवाजाने व्यवहार करतात. प्रौढ भुंगेरा पोटाची वरची बाजू पंखांवर घासून चिरकता आवाज काढतो. अळीच्या पायांची तिसरी जोडी आखडून केवळ घासणीपुरती उरलेली असते. ती दुसऱ्या जोडीच्या बुडाशी घासून अळी उत्तर देते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील एका जातीत असे १४ प्रकारचे आवाज वेगळे ओळखले गेले आहेत. कुणी त्रास दिला तर एक, मीलनापूर्वी दुसरा, घुसखोराला हुसकावताना तिसरा.

ही भाषा आहे का? नाही. हॉकेट यांनी १९६० मध्ये मांडलेली भाषेची लक्षणे आपण भाषाविज्ञानाच्या घटकात अभ्यासतो. निरर्थक ध्वनींपासून अर्थपूर्ण शब्द घडवणे, समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलणे, आजवर कुणी न उच्चारलेले वाक्य उच्चारणे, यांपैकी काही भुंगेऱ्याला साधत नाही. परंतु हे उत्तर देऊन मोकळे होताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. कुजक्या ओंडक्याच्या अंधारात आई, बाप आणि मुले आवाजाने एकमेकांचा ठाव घेत असताना आपण त्या ओंडक्याला ‘निर्जीव’ म्हणावे, हा भाषाशास्त्राचा नव्हे, ऐकण्याचा प्रश्न आहे.

शब्दाचा प्रश्न मात्र उरतोच. युरोपीय परिषदेसाठी १९८९ मध्ये मार्टिन स्पाइट यांनी केलेल्या अहवालापासून ‘सॅप्रोझायलिक’ ही संज्ञा शास्त्रीय लेखनात रूढ झाली. ग्रीकमध्ये ‘सॅप्रोस’ म्हणजे कुजके, ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. आयुष्याच्या कोणत्यातरी टप्प्यावर मरत्या वा मेलेल्या लाकडावर, किंवा त्यावरच्या बुरशीवर, किंवा अशाच दुसऱ्या रहिवाशांवर अवलंबून असलेले जीव, असा तिचा आशय. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे : आश्रिताच्या आश्रितालाही या व्याख्येत जागा आहे. परिभाषा घडवणारे कुणी याला ‘मृतकाष्ठाश्रयी’ म्हणतील. शब्द शुद्ध आहे, समास बिनचूक आहे. पण तो उच्चारून वनरक्षकाला वाडीवर काही सांगता येणार नाही. त्या विद्यार्थ्याने पुढे स्वतःच मार्ग काढला. त्याने पाटीवर लिहिले : ‘पडलेले झाड उचलू नये. आत वस्ती आहे.’ मला ‘मृतकाष्ठाश्रयी’पेक्षा ‘वस्ती’ अधिक शास्त्रीय वाटते.

आता वाळवीकडे वळू. मराठीत तिच्याइतकी बदनामी क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल. भ्रष्टाचाराची वाळवी, संस्थेला लागलेली वाळवी. शेजारी कीड आहे, भुंगा आहे, आंब्याचा बागायतदार ज्याच्या नावाने धसका घेतो ते भिरूड आहे. क्रियापदांतही पक्षपात आहेच. माणूस दगडात आत शिरला की तो लेणे ‘कोरतो’; किडा लाकडात शिरला की तो ते ‘पोखरतो’. कृती तीच. ज्ञानेश्वरांनी मात्र पहिल्या अध्यायात अर्जुनाची मोहावस्था सांगताना कोरड्या लाकडातून आरपार जाणारा आणि तरीही कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर योजला, तेव्हा लाकडाच्या संदर्भात ‘भेदणे’ हे पराक्रमाचे क्रियापद वापरले. हा भ्रमर मधमाशी नव्हे. सुक्या लाकडात आणि बांबूत घर करणारा, काळा, निळसर झाक मारणाऱ्या पंखांचा तो मोठा भुंगा. शास्त्रात त्याचे नाव झायलोकोपा, म्हणजे ग्रीकमध्ये लाकूडतोड्या. तो लाकूड खात नाही. आत परागाची शिदोरी ठेवून लाकडाच्याच भुशाचे पडदे घालतो आणि एकेका खोलीत एकेक अंडे देतो. वाळके लाकूड नसेल तर त्याला घर नाही, आणि त्याला घर नसेल तर त्या दृष्टान्ताचा निम्मा भाग आपल्या डोळ्यांसमोरून नाहीसा होईल.

वाळवीच्या जगात सुमारे ३,००० जाती आहेत. त्यांपैकी माणसाच्या घरात शिरणाऱ्या फार थोड्या. उरलेल्या जंगलात जे करतात ते दुसऱ्या कुणाला त्या प्रमाणात करता येत नाही. सह्याद्रीतला पाऊस चार महिन्यांचा. ओल असते तोवर बुरशी लाकूड कुजवते. भीमाशंकरच्या जंगलात ऐन पावसाळ्यात मायसेना नावाच्या बुरशीमुळे कुजकी लाकडे रात्री हिरवट उजेडाने चमकतात, ती याच कामाची खूण. पण ओल सरली की बुरशी मंदावते. वाळवी थांबत नाही. ती मातीचे बोगदे बांधते, आपली ओल आपल्याबरोबर नेते आणि उन्हाळ्यातही लाकूड जमिनीखाली वाहत राहते. बोर्निओतल्या वर्षावनात २०१५-१६च्या एल निनो दुष्काळात संशोधकांनी नेमके हेच नोंदवले : जिथे वाळवी होती तिथे दुष्काळात पालापाचोळ्याचे विघटन अधिक झाले, जमिनीत ओल अधिक टिकली आणि रोपे अधिक जगली.

जगाचा हिशेबही आता मांडला गेला आहे. सहा खंडांतील ५५ ठिकाणी संशोधकांनी काही ओंडके कीटकांना शिरता येणार नाही अशा जाळीत आणि काही उघडे ठेवले. त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील जंगलांच्या मृत लाकडातून दरवर्षी सुमारे १,०९० कोटी टन कार्बन मोकळा होतो. त्यातला ९३ टक्के उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून. आणि एकूणपैकी सुमारे २९ टक्के वाटा कीटकांच्या कामाचा. दुसऱ्या एका जागतिक पाहणीत, २०२२ मध्ये, तापमान १० अंशांनी अधिक असेल तिथे वाळवीकडून होणारे लाकडाचे विघटन ६.८ पटींहून अधिक वाढते असे आढळले. जग तापत असताना या आकड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जे काम आपण ‘किडणे’ या एका तुच्छ शब्दात गुंडाळतो, त्याच्यावर हवेचा हिशेब अवलंबून आहे.

याचा अर्थ प्रत्येक किडका ओंडका पूज्य मानावा असा नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मध्य प्रदेशातील सालवनांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची प्रचंड लागण झाली आणि लाखो झाडे तोडावी लागली. तिथल्या वनकर्मचाऱ्यांना घुणाक्षरांचे कौतुक कुणी सांगू नये. आजारी झाडे वेळीच बाहेर काढण्याचा आग्रह धरणारे वनाधिकारी अरसिक नसतात. त्यांच्यामागे अशा आठवणी असतात.

माझ्या आजोळी, सिंधुदुर्गातल्या एका गावात, सातेरीच्या देवळामागे देवराई आहे. सातेरीचे मूळ रूप म्हणजे वारूळ. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवी त्याच रूपात पुजली जाते. ज्या कीटकाचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो त्याने बांधलेली वास्तू गाभाऱ्यात आहे, ही विसंगती तिथे कुणालाच खटकत नाही. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या वादळात राईतली एक थोरली किंजळ उन्मळून पडली. देवळाचे छप्पर गळत होते, वासे बदलायला आले होते. राईतले लाकूड घरी न्यायचे नाही, देवाच्या कामाला चालते, असा जुना दंडक. पण या वेळी सभेत आणखी एक प्रस्ताव होता : किंजळीबरोबर राईतली सगळीच पडलेली झाडे काढून विकावीत, आलेल्या पैशांत पेव्हर ब्लॉक घालावेत, बाकडी बसवावीत. ‘सुशोभीकरण’ हा शब्द त्या दिवशी पुन्हा पुन्हा उच्चारला गेला. या शब्दाच्या पोटात ‘आधी जे होते ते अशोभनीय होते’ हा निर्णय न बोलता दिलेला असतो, म्हणून मला तो नेहमीच धोक्याचा वाटतो.

शिकलेला म्हणून मला बोलायला सांगितले. ओंडक्यातल्या वस्तीविषयी जे ठाऊक होते ते मी सोप्या शब्दांत सांगितले, आणि ओघात राईबाहेरच्या डोंगरातही जाड लाकूड पडून राहू द्यावे, असे म्हणालो. दाराशी बसलेली नात्यातली एक काकी तिथूनच म्हणाली, ‘‘बाबू, तुझ्या घराक गॅस आसा. माझी चूल कशार पेटतली ता सांग.’’

हा प्रश्न बाजूला सारून या विषयावर काही लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोळी ही कित्येक घरांतली रोजची गरज आहे, आणि ती डोक्यावरून वाहणारी बहुधा बाई असते. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंटही घेतले, ते योग्यच झाले. मी काकीला एवढेच म्हणालो, की तुझ्या मोळीत जाते ते कोयत्याने तुटणारे, मनगटाएवढे लाकूड. बारीक फांद्यांतही जीव राहतात हे खरे. पण वर्षानुवर्षे ओल धरून ठेवणारा, भुंगेऱ्याच्या पिढ्या वाढवणारा कवळाभर जाडीचा बुंधा तुझ्या डोक्यावर मावत नाही. तो ट्रकमध्ये मावतो. काकी हसली, पटले की नाही ते बोलली नाही.

शेवटी कौल लावला. देवीला लावलेल्या कळ्यांपैकी उजवी आधी पडली. त्याचा अर्थ मानकऱ्यांनी असा लावला, की बुंध्याचा पहिल्या बेचक्यापर्यंतचा भाग छपरासाठी घ्यावा, बाकी राईला सोडावे. राईच्या आत ब्लॉक नकोत, देवळासमोर चालतील. देवीने इतके तपशीलवार उत्तर दिले का, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

किंजळीचा उरलेला भाग अजून तिथेच आहे. साल गेली आहे, एका अंगाला बोट घातले तर दुसऱ्या पेरापर्यंत आत जाते. गुरवाच्या मुलाने एक ढलपी उचकटून दाखवली तेव्हा आत काळ्या भुंगेऱ्यांची जोडी होती, आणि कान जवळ नेल्यावर किरकिरल्यासारखा बारीक आवाज आला. त्याने ढलपी होती तशी परत बसवली.

बाहेर राईच्या कडेला काकी अळंबी काढत बसली होती. जमिनीखालच्या घरट्यात वाळवी लाकडापाल्याच्या चोथ्यावर जी बुरशी वाढवते, तिचीच ही छत्रे पावसाळ्यात वर येतात. गोव्यात त्यांना रोयणीची अळमी म्हणतात आणि बाजारात हातोहात उचलतात. काकीची टोपली भरत आली होती, वर कुड्याची पाने झाकलेली. सावंतवाडीच्या बाजाराला जायची तिची घाई होती. एक वाटा तिने माझ्यासाठी वेगळा काढला. पैसे मात्र रोख मोजून घेतले.